टर्बो गाडीचं ऑइल आणि ‘नॉर्मल आहे मॅडम’ : माझा अनुभव

गोव्यातल्या केरीहून चोर्ला घाट चढताना एका वळणावर डॅशबोर्डवर लाल दिवा लागला आणि लगेच विझला. तेलाच्या कुपीचं चित्र. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. त्या दिवशी तेवढं सुचलं म्हणून इंजिन वाचलं. हा दिवा ऑइल किती उरलंय ते दाखवत नाही, ऑइलचं प्रेशर पडलं की तो लागतो. इंजिनच्या तळाच्या चेंबरमध्ये ऑइल फार कमी असलं की वळणावर ते एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. दिवा लागल्यावर ‘घरापर्यंत तर जाऊ’ असं अजिबात करायचं नाही.

बेळगावहून भाजी घेऊन उतरणारा एक टेंपोवाला थांबला. आमच्या साखळीचाच निघाला. दहा मिनिटं थांबून त्याने डिपस्टिक, म्हणजे ऑइलची लेव्हल बघायची पट्टी, काढली, फडक्याने पुसली, पुन्हा पूर्ण आत घालून काढली. टोक कोरडं. “बाय, तेल खंय गेलें?” त्याने विचारलं. खाली टिपूस नव्हता, गळती नव्हती. आणि सर्व्हिसला जेमतेम चार हजार किलोमीटर झाले होते.

भावाने साखळीहून ऑइल आणून दिलं, गाडी घरी आली. तो मे महिना होता. गाडी नीट व्हायला ऑक्टोबर उजाडला, आणि यातला जवळजवळ सगळा वेळ कुठे गेला ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

गाडी एक लिटरची, तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल. वॉरंटी वाढवून घेतलेली होती. सर्व्हिस सेंटरला गेले तर ॲडव्हायझर डिपस्टिककडे न बघताच म्हणाला, “टर्बो गाड्या थोडं ऑइल खातातच, नॉर्मल आहे मॅडम.” यात खोटं काही नाही. टर्बो म्हणजे इंजिनच्या धुराच्या जोरावर फिरून आत जास्त हवा कोंबणारा पंखा. त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तोही ऑइलच्या पातळ थरावर. शेजारून वाहणारा धूर 900 अंशांच्या आसपास तापलेला असतो. थोडं ऑइल जळणारच. पण थोडं म्हणजे किती? माझ्या गाडीच्या पुस्तकात आकडा छापलेला होता, 1000 किलोमीटरला जास्तीत जास्त अर्धा लिटर. मी ते पान उघडून त्याच्या टेबलावर ठेवलं. तेव्हा कुठे ‘ऑइल कन्झम्प्शन टेस्ट’ हे शब्द त्याच्या तोंडून निघाले.

टेस्ट तशी सोपी आहे. ऑइल आणि फिल्टर बदलून वरच्या खुणेपर्यंत भरायचं, डिपस्टिक, फिलर कॅप (ऑइल भरायचं झाकण) आणि ड्रेन बोल्टला (खालून ऑइल सोडायचा बोल्ट) सील करायचं, किलोमीटर लिहून ठेवायचे. 1000 किलोमीटर चालवून आणायचं आणि किती कमी झालं ते मोजायचं. शाळा माझ्या घरापासून सात किलोमीटरवर. जाऊन-येऊन चौदा. नुसत्या शाळेच्या वाटेने 1000 किलोमीटर व्हायला तीन महिने लागले असते. म्हणून पावसात रविवार रविवार बेळगाव, सावंतवाडी अशा फेऱ्या मारल्या, काम नसताना, फक्त आकडा पुरा करायला. जुलैच्या मध्यात 1000 झाले. सुट्टी टाकून सकाळी आठला गाडी नेऊन लावली.

साडेअकराला गाडी धुऊन पुसून समोर आली. मी विचारलं, किती कमी झालं? ॲडव्हायझरने आत हाक मारली. एक मुलगा हात पुसत आला आणि म्हणाला, “ऑइल कमी होतं, टॉप-अप करून दिलं.” किती भरलं? त्याला माहीत नव्हतं. ड्रममधल्या नळीने भरलं होतं. सील? सील मुळात लावलेलंच नव्हतं, आणि जॉब कार्डवर फक्त ‘जनरल चेक-अप’ लिहिलेलं. दोन महिने आणि 1000 किलोमीटर त्या नळीच्या एका दाबात गेले. त्या मुलावर माझा राग नाही, त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. राग आहे तो पुढच्या वाक्यावर. ॲडव्हायझर म्हणाला, “काही हरकत नाही मॅडम, परत एकदा चालवून आणा.”

मी तिथून हलले नाही. नवीन जॉब कार्ड काढायला लावलं. त्यावर माझी तक्रार माझ्याच शब्दांत, ‘ऑइल कन्झम्प्शन टेस्ट’, किलोमीटरचा आकडा आणि ‘मोजल्याशिवाय टॉप-अप करू नये’ हे सगळं लिहून घेतलं. लेव्हल माझ्यासमोर बघितली. तिन्ही ठिकाणी पिवळ्या रंगाची खूण केली. तिचे आणि मीटरचे फोटो काढले. रंग करण्याआधी मी मुद्दाम एक गोष्ट करून बघायला सांगितली. आदल्या आठवड्यात आमच्या जुन्या मेस्त्रींनी ती मला दाखवली होती. गाडी उभी आणि इंजिन आयडलवर, म्हणजे नुसतं चालू, असताना ऑइलचं झाकण उचलायला गेलं तर ते आतून घट्ट ओढलं जात होतं, सुटलं की इंजिन थरथरायचं. मेस्त्री म्हणाले होते, “पिस्टनच्या रिंगांचं बघू नंतर, आधी हा व्हॉल्व्ह बघा. पडदा फाटलाय.” इंजिनच्या आतली वाफ परत हवेच्या वाटेवर नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. त्याचा रबरी पडदा फाटला की वाफेबरोबर ऑइलही ओढलं जातं आणि जळतं. ॲडव्हायझरने झाकण ओढून बघितलं आणि गप्प राहिला.

चवथ झाली आणि सप्टेंबरात दुसरे 1000 पुरे झाले. या वेळी मी गाडीसोबत आत उभी राहिले. ‘ग्राहकांना आत परवानगी नाही’ म्हणाले, तरी उभी राहिले. गाडी सपाट जागी, इंजिन गरम, बंद करून दहा मिनिटं. मापाच्या भांड्यातून वरच्या खुणेपर्यंत भरताना 640 मिलिलिटर लागलं. अर्ध्या लिटरच्या वर. ‘नॉर्मल’ हा शब्द त्यानंतर मी तिथे ऐकला नाही.

पुढचं पटापट झालं. फोटो कंपनीकडे गेले, मंजुरी आली, व्हॉल्व्ह इंजिनच्या वरच्या कव्हरमध्येच बसवलेला असल्याने अख्खं कव्हर वॉरंटीत बदललं. टर्बोतून येणारी हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपमध्ये साचलेलं ऑइल पुसून काढलं. नंतरच्या 1000 किलोमीटरमध्ये डिपस्टिकवरची रेघ केसभरही हलली नाही. त्या दिवशी मला किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मग चार हजार किलोमीटर काही जाणवलं कसं नाही? मी एरवी डिपस्टिक बघत होते, लेव्हल बरी दिसायची. सात किलोमीटरमध्ये इंजिन धड तापत नाही, म्हणून थोडं पेट्रोल आणि आपल्या दमट हवेतलं पाणी ऑइलमध्ये मिसळून राहतं. लेव्हल भरलेली दिसते, पण ते सगळं ऑइल नसतं. लांबच्या चढावर इंजिन तापलं की पेट्रोल उडून जातं आणि लेव्हल एकदम खाली येते. म्हणून लांबच्या प्रवासानंतर बघितलेली लेव्हल खरी.

सर्व्हिस बुकात 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिलेलं असतं. त्याच्या मागे बारीक अक्षरात दुसरा तक्ता असतो, कठीण वापराचा. छोट्या फेऱ्या, धूळ, घाट. साखळी-डिचोलीकडच्या माणसाला यातलं काय लागू नाही? मी आता 5,000 किंवा सहा महिने, जे आधी होईल तेव्हा ऑइल बदलते. ग्रेड मात्र पुस्तकात लिहिलेलीच. ‘घट्ट ऑइल घाला, कमी पिईल’ असं मलाही दोघांनी सांगितलं होतं, ते ऐकू नका. टर्बोच्या बारीक वाटांतून ते वेळेवर पोचलं पाहिजे.

घाट चढून थांबलात तर टर्बो थोडा निवायला मिनिटभर इंजिन चालू ठेवून मग बंद करा.

आणि हे वर लिहायला हवं होतं : टॉप-अप करताना वरच्या खुणेच्या पलीकडे जाऊ नका. जास्त ऑइल आत फिरणाऱ्या क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) फटक्याने फेसाळतं, आणि फेसाने प्रेशर बनत नाही. दोन खुणांमध्ये बहुतेक गाड्यांत सुमारे एक लिटर बसतं. पाव लिटर घाला, थांबा, बघा, मग पुढचं.