टोपी, टोप, शिरस्त्राण आणि चुंबळ

साइटवर कोणी हेल्मेट म्हणत नाही. "ए टोपी घाल" असंच ओरडतो आम्ही, मुकादम, मिस्त्री, बिगारी सगळ्यांच्या तोंडी टोपीच, हेल्मेट म्हटलं की ते गाडीवरचं. मी पुण्यात बांधकामावर सुपरवायझर आहे, बारा वर्षं झाली, त्यामुळे हा शब्द दिवसातून पन्नास वेळा तोंडात येतो.

पुस्तकातला शब्द शिरस्त्राण. त्राण म्हणजे रक्षण, पण आपण बोलताना "अंगात त्राण उरलं नाही" म्हणतो तेव्हा ताकद असा अर्थ असतो, हे मला फार आवडतं. जिरेटोपातलं जिरे फारसीतून आलंय, कड्याकड्यांचं चिलखत, जिरेबख्तरमध्येही तेच. आणि नुसतं टोप म्हटलं तर कोकणातली माझी आई भाताचं भांडं आणून देईल.

पिवळी टोपी उलटी करून बघा एकदा. आत पट्ट्यांची जाळी असते, मागे घट्ट करायची खुंटी, आणि जाळी नि वरच्या टणक भागात बोटभर मोकळी जागा. खरं काम त्या जागेचं आहे. वरून काही पडलं की पट्ट्या ताणल्या जातात, धक्का पसरतो आणि कवटीवर थेट बसत नाही. त्याच जागेत लोक तंबाखूची पुडी, रुमाल, मोबाइल कोंबतात, मी रोज काढायला लावतो. गाडीच्या हेल्मेटचं वेगळं, आतला थर्माकोलसारखा थर चेपून मार झेलतो आणि चेपला की परत फुगत नाही, म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं. दोन्हींवर आयएसआय असतं पण गाडीचं मानक ४१५१ आणि साइटचं २९२५. २०१९ च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटची कडक कारवाई सुरू झाली, पण दंड चुकवायला साइटची टोपी घालून गाडी चालवणारे मला आजही दिसतात. कृपा करून नका करू असं, ती वरून पडणाऱ्या विटेसाठी आहे, रस्त्यावर आपटणाऱ्या डोक्यासाठी नाही.

मागच्या वर्षी परांचीवरून अर्धी वीट एका मिस्त्रीच्या डोक्यावर आली. टोपीला तडा गेला, मिस्त्री चहा पिऊन उठला. दुसऱ्या दिवशी तीच तडकलेली टोपी घालून हजर, कारण नवीन मागितली तर ठेकेदार पगारातून कापतो. मी माझी दिली.

पण मला खरं बोलायचंय ते घमेलं वाहणाऱ्या बायकांबद्दल. त्यांच्या डोक्यावर चुंबळ असते, जुन्या लुगड्याचा पीळ देऊन केलेलं कडं, त्यावर ओल्या मालाचं घमेलं. टोपी गोल आणि गुळगुळीत, तिच्यावर चुंबळ बसतच नाही. एका मावशींना मी टोपीवरून खूप बोललो तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, मग घमेलं तुम्ही धरता का?" मला उत्तर देता आलं नाही. ज्यांचं डोकंच कामाला लागतं त्यांच्याच डोक्यावर काही नाही, हे इतकी वर्षं समोर असून मी बघितलं नव्हतं.

त्यांना ओरडणं बंद केलंय, आता ठेकेदाराच्या मागे लागलोय की माल यंत्राने वर न्या. चौथ्या मजल्यापासून वर हॉइस्ट लागलाय. खालच्या मजल्यांचा माल अजून डोक्यावरूनच जातो आणि मावशींची टोपी सकाळपासून सळईला अडकवलेली असते.