आईच्या पंच्याहत्तरीला तिचं वेंगुर्लं

पुणे, १४ मार्च

उद्या आईला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होतात. साडी घेऊ नका, हॉल घेऊ नका, केकवर नाव घालू नका, असं तिनं आधीच बजावून ठेवलंय. म्हणून तिचं गाव लिहून तिच्या हातात द्यायचं ठरवलं. लग्न होऊन ती पुण्यात आली त्याला जमाना झाला, पण वेंगुर्ल्याहून फोन आला की कोथरूडच्या या घरात अजूनही ‘काय गो’ आणि ‘खय’ ऐकू येतं. सातेरीचं देऊळ, नवाबागचे मासे, बंदरावर बोट लागण्याची वाट पाहणं, हे सगळं तिच्या तोंडून ऐकतच आम्ही भावंडं वाढलो. मला हवं होतं ते तिच्या जन्माआधीचं वेंगुर्लं.

डच वखार आईच्या लहानपणी मुलांना बंद होती. ‘थंय सापकिरडू आसा,’ एवढं एक कारण पुरायचं. तिला वखारीच्या पडक्या भिंती आठवतात, भिंतींत रुजलेली झाडं आठवतात. डच कोण आणि आपल्या गावात कशाला आले होते, हे कुणी सांगितलं नव्हतं. वाचत गेले तशी मीच थक्क झाले. गोवा पोर्तुगीजांकडे, आणि डचांना पूर्वेकडच्या व्यापारातून त्यांना हुसकावायचं होतं. म्हणून डच गलबतं वर्षामागून वर्षं मोसमात गोव्याच्या तोंडाशी येऊन नाकेबंदी करून बसायची. महिनोन्‌महिने समुद्रात उभ्या राहणाऱ्या माणसांना खायला-प्यायला लागणारच. गोव्याच्या जरासं वर, पण पोर्तुगीजांच्या हाताबाहेर असलेलं बंदर त्यासाठी हवं होतं. वेंगुर्लं तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होतं. १६३७ साली डचांनी तिथं वखार घातली.

पुढे १६४८ मध्ये फ्रेंच जवाहिऱ्या आणि प्रवासी ताव्हेर्निए वेंगुर्ल्यात आला आणि इथूनच डच जहाजात बसून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला गेला. त्यानं लिहून ठेवलंय की जपान, बंगाल, सिलोनकडून येणारी आणि सुरतेकडे, इराणी आखाताकडे जाणारी डच जहाजं वेंगुर्ल्याला नांगर टाकतात, कारण इथलं पाणी उत्तम आहे आणि तांदूळही. आईचा कान यावर कसा आहे ते बघायला एवढाच भाग आज तिला वाचून दाखवला. ती कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘पाणी आमचा चांगलाच आसा. ता काय तेणी सांगूक व्हया?’

मला मात्र या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. मोठ्या बंदरांची नावं मसाल्यांमुळे, रेशमामुळे, हत्यारांमुळे इतिहासात गेली. वेंगुर्ल्याचं नाव गेलं पाण्यामुळे आणि भातामुळे. पाहुण्याला आधी पाणी विचारायचं, जेवल्याशिवाय सोडायचं नाही, हे आईच्या अंगात आहे ते कुठल्या मातीतून आलं असेल!

डच सतराव्या शतकाच्या अखेरीस गेले. नंतर वाडीकर सावंतांचा अंमल, आणि १८१२ साली सावंतांकडून हे बंदर इंग्रजांनी घेतलं. तिथला ‘कॅम्प’ भाग आणि बाजाराचं क्रॉफर्ड मार्केट हे नाव त्या काळाची खूण. बेळगावकडचा माल घाट उतरून इथं यायचा आणि गलबतांनी मुंबईला जायचा. १८८८ च्या सुमारास मुरगाव बंदरापर्यंत रेल्वे पोहोचली आणि घाटावरचा माल तिकडे वळला. कोकण रेल्वे आली तीही वेंगुर्ल्याला वळसा घालून, कुडाळ आणि सावंतवाडीवरून. ‘किती शांत, किती न बिघडलेलं गाव,’ असं पर्यटक कौतुकानं म्हणतात तेव्हा मला हे आठवतं. ती शांतता बंदराच्या ओसरलेल्या कामातून आलेली आहे, आणि तिच्यापायी कित्येक घरांतले कर्ते मुंबईच्या बोटीत चढलेले आहेत. आईचे काकाही त्यातलेच.

आता वाढदिवसाचा खास भाग, जो मी आईपासून अजून लपवून ठेवलाय. वेंगुर्ल्यात अमेरिकन मिशनचे डॉक्टर होते, गोहीन नावाचे. त्यांचा मुलगा रॉबर्ट गोहीन १५ ऑगस्ट १९१९ रोजी वेंगुर्ल्यात जन्मला. तो पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचा भारतातला राजदूत होता. तो अध्यक्ष असतानाच, १९६९ साली, प्रिन्स्टननं पदवीच्या वर्गांत मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली. त्या सुमारास आई शाळा संपवून, पुढे शिकायला घरचे पाठवतील का या घोरात होती. त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मला कळतं. तरी एकाच गावच्या पाण्यावर वाढलेली ही दोन माणसं मला एका पानावर लिहायची होती. लिहिली.

बाबांनी आज ओले काजूगर आणले. कोकणातून आलेल्या एका मावशींकडून, शेकड्याच्या भावानं. आईनं ते गरम पाण्यात टाकले आणि साल सुटायला लागल्यावर एकेक हातात घेऊन सोलत बसली. बोटाच्या पेरानं जरा दाबलं की तपकिरी साल निघते आणि आतला पांढरा गर दोन फाकांत उघडतो. सालीला चीक राहिला असेल तर बोटं काळी पडतात, कातडी सोलवटते. ती आधी हाताला खोबरेल चोळून घेते. उद्या उसळ, सोबत घावणे आणि सोलकढी. काजूवरून सांगायचं म्हणजे, १९५७ साली वेंगुर्ल्यात फळ संशोधन केंद्र सुरू झालं. कोकणातल्या बागांत ‘वेंगुर्ला ४’, ‘वेंगुर्ला ७’ अशा नावांनी जी काजूची कलमं लागतात ती याच केंद्राची. रत्ना आंबाही इथलाच, नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ साली आलेला. आणि त्याच रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून झालेला सिंधू, ज्याची कोय अगदी पातळ असते. हापूसचं कौतुक सगळे करतात, त्यामागे राबणाऱ्या या केंद्राचं नाव फार थोडे घेतात. मला ते खटकतं.

बघण्यासारखं म्हणाल तर लोक सागरेश्वरचा किनारा, मोचेमाड, रेडीचा गणपती सांगतात. ते बघावंच. रेडीची ती द्विभुज मूर्ती १९७६ साली खाणीत मिळाली. शिरोड्याला गेलात तर मिठागरं डोळ्यांखालून घाला, १९३० चा मिठाचा सत्याग्रह तिथं झाला होता. पण मला विचाराल तर आरवलीच्या वेतोबाकडे आधी जा. त्याला चपलांचा जोड वाहतात, माणसाच्या पायाच्या कितीतरी पट मोठा, जाड चामड्याचा. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. देवळातल्या त्या चपलांचे तळवे आईनं लहानपणी हात लावून पाहिलेत. झिजले होते का, हे विचारलं की ती नुसतं ‘होय तर’ म्हणते, आणि मला ते पुरतं.

बंदरापासून आत समुद्रात वेंगुर्ला रॉक्सचे खडक आहेत. तिथल्या गुहेत पाकोळ्या स्वतःच्या लाळेनं घरटी बांधतात. ती घरटी सूपसाठी परदेशात विकली जात म्हणून चोरून खरवडून नेत असत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं त्यांच्या रक्षणाचं काम हाती घेतलं. आणखी एक मला मनापासून आवडलेलं काम नगरपरिषदेचं. घराघरांतून कचरा वेगवेगळा घेऊन, ओल्याचा गॅस आणि खत करून, प्लास्टिक रस्त्याच्या कामी लावून त्यांनी कचरा टाकण्याच्या जागेवरच बाग उभी केली. फुरसुंगी-उरुळीच्या लोकांनी आपल्या पुण्याचा कचरा किती वर्षं सोसला ते आठवलं की वाटतं, आपल्या नगरसेवकांनी तिथं एकदा जाऊन यावं.

लिहिलेलं उद्या औक्षण झाल्यावर वाचेन. मे महिन्यात सगळ्यांनी जायचं ठरलंय: कोल्हापूर, आजरा, आंबोली करत घाट उतरायचा. धाकट्यानं लगेच गोव्याची हॉटेलं बघायला घेतली होती, वेंगुर्लं तिथून एका दिवसात होईल म्हणाला. आईनं ते तिथंच मोडीत काढलं. मुक्काम वेंगुर्ल्यातच, आणि या वेळी वखारीत ती स्वतः पुढे होऊन आम्हाला नेणार आहे.