जुना राउटर वरच्या मजल्यावर

आज एका दुमजली घरात वरच्या मजल्यावरही वायफाय मिळावं म्हणून फायबरच्या मुख्य राउटरला जुना राउटर केबलने जोडून दिला. केबल लावण्याआधीच लॅपटॉपवरून जुन्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) बदलायचा: मुख्य १९२.१६८.१.१ असेल, तर याला १९२.१६८.१.२. मग याचं डीएचसीपी, म्हणजे जोडलेल्या उपकरणांना आपोआप आयपी पत्ते देणारी सोय, बंद. ते चालू राहिलं की दोन्ही राउटर आयपी वाटत बसतात आणि काही मोबाइल वायफायला जोडलेले दिसूनही नेटविना राहतात. केबल जुन्याच्या लॅन पोर्टमध्येच (घरातली उपकरणं जोडायच्या पोर्टमध्ये) घाला. वॅनमध्ये (इंटरनेटची लाइन घ्यायच्या पोर्टमध्ये) घातली तर दुहेरी नॅट होतं, म्हणजे जुना राउटर वर आपलं वेगळंच नेटवर्क करतो, मग खालचा प्रिंटर वरच्या मोबाइलला सापडत नाही. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चॅनल १, ६ किंवा ११, दोन्ही राउटरना वेगवेगळे, रुंदी २० मेगाहर्ट्झ. दाट वस्तीत ४० नकोच. आणि अ‍ॅडमिनचा (राउटरची सेटिंग्ज उघडायचा) मूळ पासवर्ड कृपया बदला.