दोन लिमिट सॅम्पल आणि एक गिऱ्हाईक

जपानमध्ये दोन कंपन्यांचं एकमेकांशी किती जमतं, हे कंत्राटाच्या कागदावरून फारसं कळत नाही. बहुतेक कंत्राटांत शेवटी एक ठरलेलं कलम असतं: मतभेद झाल्यास दोन्ही पक्षांनी सद्भावनेने बोलून मार्ग काढावा. म्हणजे वकिलांनी हात झटकले, आता तुमचं तुम्ही बघा. आम्ही डिस्प्लेवाले ते लिमिट सॅम्पलवर बघतो.

लिमिट सॅम्पल म्हणजे मुद्दाम जपून ठेवलेला खराब माल. ‘इतका डाग चालेल, याहून मोठा चालणार नाही’ हे दाखवणारा तुकडा. त्याला एक चिठ्ठी, चिठ्ठीवर मुदत आणि दोन लाल शिक्के, एक गिऱ्हाइकाचा, एक आमचा. उजेडाने आणि दमट हवेने तुकडा बदलू नये म्हणून तो काळ्या पिशवीत, कपाटात बंद. भांडण झालं की दोन्ही बाजू आपापलं कपाट उघडतात.

मी तेव्हा ओसाकाजवळच्या एका छोट्या कंपनीत क्वालिटीचं काम बघत होते. पुण्यात शिकलेलं जपानी आणि इंजिनीअरिंगची पदवी, या दोन्हींच्या जोरावर मिळालेली नोकरी. आमचं काम पोलरायझर कापण्याचं. एलसीडी पडद्याच्या पुढे-मागे जी काळपट फिल्म चिकटवलेली असते ती. ही फिल्म म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांच्या मालाचे थर असतात. मधला ताणलेला, आयोडीनने रंगवलेला थर ज्या कच्च्या फिल्मपासून बनतो त्यात कुरारे ही कंपनी मोठी, तो थर दोन्ही बाजूंनी सांभाळणाऱ्या फिल्ममध्ये फुजीफिल्म आणि कोनिका मिनोल्टा, आणि हे सगळं जोडून पोलरायझर करणाऱ्यांत नित्तो डेंको, सुमितोमो केमिकल. या साखळीच्या शेपटाला आमच्यासारखे. मोठ्यांकडून रोल घ्यायचा, मापात कापायचा, डोळ्यांनी तपासायचा आणि पडदा बनवणाऱ्याकडे पोचवायचा.

तो सगळा काळच जोड्या जुळण्या-मोडण्याचा होता. सोनीने सॅमसंगबरोबर 2004 मध्ये कोरियात एस-एलसीडी ही कंपनी काढली होती. त्यातला आपला हिस्सा विकून टाकायचं तिने 2011 च्या डिसेंबरात जाहीर केलं. पुढच्याच एप्रिलमध्ये सोनी, तोशिबा आणि हिताची यांचे लहान-मध्यम पडद्यांचे धंदे एकत्र करून जपान डिस्प्ले उभी राहिली, मागे सरकारी पाठबळाचा गुंतवणूक निधी. त्याच वर्षी शार्पच्या साकाईच्या कारखान्यात तैवानच्या होन हाय कंपनीच्या प्रमुखांनी पैसे घातले. साकाईची काच सुमारे तीन मीटर बाय तीन मीटर. एवढी काच रस्त्याने नेणं मुश्कील, म्हणून कॉर्निंगने काचेची भट्टी थेट त्याच आवारात आणली होती, कलर फिल्टरवाले टोप्पान आणि दाई निप्पॉन प्रिंटिंगही तिथेच. गिऱ्हाइकाच्या अंगणातच बिऱ्हाड. मालक बदलला तेव्हा या शेजाऱ्यांचं काय होणार, याची आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत रोज चर्चा व्हायची.

आमच्यापर्यंत ही लाट वेगळ्याच दारातून आली. मी सांगतेय ते गिऱ्हाईक वरच्या नावांपैकी कुठलंही नाही, आणि त्याचं नाव सांगायची गरजही नाही. त्याचे दोन कारखाने. आधी ते दोन वेगळ्या समूहांचे होते, आता एका मालकाखाली आलेले. पहिला कारखाना गाड्यांच्या डॅशबोर्डचे पडदे करायचा, दुसरा तिकीट यंत्रं आणि मोजमापाच्या उपकरणांचे. आम्ही दोघांनाही एकाच रोलमधला माल द्यायचो. पहिल्याचा भाव चढा, दुसऱ्याचा उतरता. दोघांना एकमेकांचा भाव ठाऊक नव्हता, आणि आम्ही तो सांगण्याचं काही कारण नव्हतं.

एका मंगळवारी नव्या कंपनीचे परचेसचे काचो, म्हणजे विभागप्रमुख, आमच्याकडे आले. सोबत दोन्ही कारखान्यांचे क्वालिटीवाले. निमित्त ‘लिमिट सॅम्पल एक करण्याचं’. सकाळी अंधाऱ्या खोलीत बसलो. लाइटबॉक्सवर पहिल्या कारखान्याचं सॅम्पल ठेवलं, वर दुसरा पोलरायझर काटकोनात फिरवून धरला. असं केलं की सगळं काळं होतं आणि फिल्ममध्ये अडकलेला कण तेवढा चमकतो. बारीक, टाचणीने भोक पाडल्यासारखा. शेजारी दुसऱ्या कारखान्याचं सॅम्पल. त्यातला ठिपका सरळ डोळ्यांत भरत होता. मापायला ठिपक्यांचा पारदर्शक तक्ता असतो. जपानच्या नोटा छापणाऱ्या सरकारी छापखान्यातच तो तयार होतो, मूळचा कागदातला कचरा मोजण्यासाठी, पण प्लास्टिकपासून गोळ्या-औषधांपर्यंत सगळे तोच वापरतात. तक्ता न लावताही फरक कळत होता. दुसऱ्या कारखान्याचे गृहस्थ काही बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसत राहिले.

काचोंनी निकाल दिल्यासारखं म्हटलं, “पहिलंच ठेवू या. गाड्यांना चालतं ते सगळ्यांना चालेल.”

जेवणाचे डबे झाले आणि त्यांनी बॅगेतून दोन कागद काढले. आमचीच दोन कोटेशनं. टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून कडा जुळवल्या. आवाज एकदम मऊ. “आता आम्ही एकच कंपनी आहोत. तेव्हा भावही एकच असावा, अशी विनंती आहे.” कुठला, हे सांगायची गरज नव्हती. सॅम्पल कडक कारखान्याचं आणि भाव सैल कारखान्याचा. माल आमचा, घाटाही आमचा.

आमचे शाचो, म्हणजे मालक, पंचाहत्तरीकडे झुकलेले. ते कोटेशनांकडे बघत थोडा वेळ बसले. मग मला म्हणाले, “सॅम्पलं आणता का?” मी दोन्ही आणली. त्यांनी एकेक चढ्या आणि उतरत्या भावाच्या कागदावर ठेवलं आणि म्हणाले, “हे याच्याबरोबरचं. ते त्याच्याबरोबरचं.” एवढंच. हिशेब कुणी मांडला नाही, पण खोलीतल्या सगळ्यांना कळला. कडक सॅम्पल लावलं की त्याच रोलमधला जास्त माल रिजेक्टमध्ये जातो. भावातला फरक त्या कचऱ्याची किंमत होती.

पुढे जे झालं त्याची मला अजिबात अपेक्षा नव्हती. भांडण आमच्याशी झालंच नाही. ते त्या दोन क्वालिटीवाल्यांत जुंपलं. जपानी पद्धतीचं, म्हणजे आवाज न चढवता, वाक्यामागून वाक्य अधिकाधिक नम्र करत. दुसऱ्या कारखान्याचे गृहस्थ म्हणाले, “आमच्याकडे या ठिपक्याची तक्रार आजवर एकाही गिऱ्हाइकाने केलेली नाही. आमचं सॅम्पल ढिलं आहे असं कुणाला वाटत असेल तर कृपया कारण समजावून द्यावं.” पहिल्याचे म्हणाले, “रात्री गाडी चालवणाऱ्याला तो ठिपका दिवा वाटू शकतो. आपल्याला त्याचा अनुभव नसणं स्वाभाविक आहे.” हे ‘स्वाभाविक’ चांगलंच लागलं. कागदावर एक झालेल्या कंपनीत अजून दोन घराणी नांदत होती, आणि परचेसचे काचो दोघांच्या मधे सापडले. अशा वेळी सप्लायरने चहाच्या कपाकडे बघायचं असतं. आम्ही बघत होतो.

वाट काढली ती आमच्या शाचोंनी नाही, पहिल्या कारखान्याच्याच माणसाने. पडद्याचा दिसणारा भाग वेगळा आणि चौकटीखाली झाकला जाणारा काठ वेगळा धरावा. मधे कडक, काठाला सैल. ही काही नवी युक्ती नव्हती, पुष्कळ ठिकाणी असंच करतात, पण या दोन्ही सॅम्पलांत तसा भेद केलेला नव्हता. दुसऱ्यांनी मान हलवली. हरल्यासारखं दिसू न देता मान हलवणं ही तिथली एक कलाच आहे.

आता काठासाठी नवं सॅम्पल हवं, म्हणजे बरोबर मधल्या मापाचा ठिपका हवा. चांगला माल हवा तितका मिळतो. हवा तसा खराब माल मिळायला नशीब लागतं. आम्ही रिजेक्टच्या पिशव्या उपसायला बसलो, काचोसुद्धा बाह्या सरसावून. शेवटी तपासणी विभागातल्या एका बाईंना बोलावलं. वीसेक वर्षं त्या हेच काम करत होत्या. त्यांनी तुकडे दिव्याखाली पत्त्यांसारखे फिरवले आणि एक पुढे केला. तक्ता लावला तर ठिपका नेमका हव्या त्या मापाचा. त्यांनी ‘चालेल का?’ एवढं विचारलं आणि परत आपल्या टेबलाकडे गेल्या.

शिक्क्यांच्या वेळी आणखी एक गंमत. एकत्र झालेल्या क्वालिटी खात्याचा प्रमुख अजून नेमलाच नव्हता. मग चिठ्ठीवर दोघांनीही आपापला शिक्का मारला. दोन शिक्क्यांच्या जागेत तीन बसवताना आमचा जरा चौकटीबाहेर गेला.

भाव त्या दिवशी ठरला नाही. शाचोंनी तो विषय काढला नाही आणि काचोंनी कोटेशनं परत बॅगेत घातली. तो ठरला ऑक्टोबरच्या सहामाही बोलणीत, दोन्ही भावांच्या मधे, खालच्याकडे जरा झुकलेला. सही झाली, आणि चहा यायच्या आत काचोंनी पुढच्या एप्रिलसाठी किती कपात करता येईल ते विचारलं.