छान झाला कार्यक्रम

बुधवार, रात्री साडेदहा

दोन दिवस झाले, अण्णांची टपरी आली की मी रस्ता ओलांडून पलीकडून जाते. पलीकडे गटाराचं काम चाललंय, साडी उचलून उड्या मारत जावं लागतं. तरी जाते. अण्णांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. उलट फार गोड बोलले. तेच तर.

सोमवारी सकाळी चहाला थांबले, तर स्टोव्हपाशी उभ्या उभ्याच ओरडले, “म्याडम, काल आजींचं लई भारी झालं बगा! शेवटची ओवी तर… काटा आला अंगावर.” बाकावरच्या दोघांनी माना डोलावल्या. मी “हो का?” म्हणाले. दुसरं काय म्हणणार? रविवारी संध्याकाळी ५.५८ पासून ६.५३ पर्यंत आमचं सामुदायिक रेडिओ केंद्र बंद होतं. शेवटची ओवी सोडा, पहिलीसुद्धा त्या खोलीबाहेर गेली नाही.

चूक माझी आहे, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे रडायला मोकळी. रविवारी दुपारी वळीव आला. मनोऱ्यावरच्या केबलच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं. अँटेनाकडे पाठवलेली शक्ती उलटी परत यायला लागली की ट्रान्समीटर जळून जाण्याऐवजी गप्प बसतो. तसा तो बसला. पन्नास वॅटचा जीव तो, जपून असतो. आमचं तांत्रिक काम बघणारा बापू कराडहून आला, जिन्यावरच्या खोलीत लाल दिवा बघितला, पॉवर निम्म्यावर आणून कसंबसं चालू केलं. सोमवारी वर चढून कनेक्टर उघडला तेव्हा चमचाभर पाणी निघालं. चमचाभर.

हे मला कळायला हवं होतं. बाहेरच्या खोलीत एक साधा रेडिओ कायम आपल्या केंद्रावर लावून ठेवायचा, म्हणजे आपण बोलतोय ते हवेत जातंय की नाही ते समजतं, असा नियम मीच केला. कागदावर लिहून दारावर चिकटवला. आणि गेल्या आठवड्यात त्या रेडिओचे सेल काढून मीच भिंतीवरच्या घड्याळात घातले, कारण घड्याळ बंद पडून सातच्या आकाशवाणीच्या बातम्या चुकायला नकोत. (आपल्या बातम्या आपण द्यायच्या नाहीत, आकाशवाणीच्या आहेत तशा पुढे पाठवायच्या. तेवढ्या तरी वेळेवर जाव्यात.) थोडक्यात, रविवारी आमच्या रेडिओ केंद्रात चालू असलेला रेडिओ नव्हता. हेडफोनमध्ये मला सगळं खणखणीत ऐकू येत होतं. तिथे येणारच, तो आवाज थेट स्टुडिओतल्या मिक्सरवरून येतो, ट्रान्समीटरच्या आधीच.

त्यात कार्यक्रम असा की वर्षातून एखादाच जमतो. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या या आजी आधी यायलाच तयार नव्हत्या. मग म्हणाल्या, नुसतं बसून कसं म्हणू, हात फिरल्याबिगर तोंडात येत न्हाई. म्हणून जातंच आणलं, छोट्या हत्ती टेम्पोतून. खाली दोन पोती, त्यावर गोधडी, तरी टेबल हादरत होतं, म्हणून माईक खिडकीच्या गजाला बांधला. दोन मापटी जोंधळे दळले त्यांनी, पाऊण तास न थांबता. भावाच्या ओव्या, पंढरीच्या, आणि मध्येच एक सासूची, ती म्हणताना माझ्याकडे बघून हसल्या. एकदा ओवी अर्ध्यावर सोडून विचारलं, “पीठ कुणाला?” म्हटलं मला. म्हणाल्या, “मग बारीक काढते.”

तेवढं बारीक निघालं नाही. सोमवारी भाकरी केली तर हे म्हणाले, गिरणीवाल्याला काय झालंय? मी काही बोलले नाही. भाकरीकडे बघत बसले. कार्यक्रम झाला याचा तेवढाच पुरावा माझ्या हातात.

नाही, आणखी एक आहे, आणि तो जास्त लागतो. जे प्रसारित केलं त्याची नोंद तीन महिने जपून ठेवायची असा नियम आहे. त्यासाठीचा संगणक आवाज घेतो तो मिक्सरवरून, हवेतून नव्हे. सोमवारी रात्री उघडून बघितलं तर रविवारचा पाऊण तास तिथे जसाच्या तसा. म्हणजे कागदोपत्री कार्यक्रम झालेला आहे. अण्णांच्या म्हणण्यानुसारही झालेला आहे. नाही म्हणणारा एकटा ट्रान्समीटर.

तर मला टोचतंय ते काय? केंद्र बंद पडलं हे नाही. ते याआधीही पडलंय. उंदरानं केबल कुरतडली होती तेव्हा दोन दिवस. टोचतंय ते ‘छान झालं’.

कारण मग मागचीही छान झालेली सगळी बाहेर काढून बघावी लागतात. आणि मी ती काढली, मूर्खासारखी, सोमवारी रात्रभर. वाण्याच्या काकू “रोज ऐकतो हो” म्हणतात. त्यांच्या नव्या मोबाइलमध्ये एफएमच नाही, हे मला तेव्हाच दिसलं होतं. दहावीच्या निकालाच्या दिवशीचा कार्यक्रम छान झाला होता. गणपतीतला छान झाला होता. बँकेतले साहेब, शाळेतले सर, लग्नात भेटणारी माणसं, सगळ्यांनाच छान. नऊ वर्षांत कुणीही, एकदाही, ‘बरा झाला’ म्हणालेलं नाही. तेव्हाच संशय यायला हवा होता.

रविवारी पंचावन्न मिनिटं आम्ही नव्हतो आणि फोन आला फक्त एक. तो मी कापला, कारण आपण थेट प्रसारणात आहोत अशी माझी समजूत. सोमवारी उलट लावला. श्रोता असणार! “ग्यास बुकिंग का?” म्हणाला. पावणेसातला मी पाण्याची सूचनाही वाचली होती, कुठल्या भागाला किती वाजता येणार ते. कुणाची बादली रिकामी राहिली नाही. व्हॉट्सअॅपवर दुपारी चारलाच आलं होतं.

उद्घाटनाच्या फलकावर आम्ही सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालातली गोष्ट लिहिली होती, न्यायमूर्ती पी. बी. सावंतांची: हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. आमच्यासारख्या स्वयंसेवी संस्थांना रेडिओचे परवाने मिळायला त्यानंतरही २००६ उजाडलं, पण आम्हाला तेव्हा त्या वाक्यानं भरून आलं होतं. असेलही सार्वजनिक मालमत्ता. सार्वजनिक मालमत्तेकडे लोक किती लक्ष देतात हे आमच्या बागेतल्या घसरगुंडीला विचारावं. २०२४ मध्ये जाहिरातींना तासाला सातची बारा मिनिटं झाली, तेव्हा पेढे वाटले होते आम्ही. बारा मिनिटं! आमच्याकडे बारा जाहिराती नाहीत. एक पशुखाद्याची, एक साड्यांच्या सेलची, तो सेल संपूनही महिना झाला.

म्हसवडला माणदेशी तरंग हे रेडिओ केंद्र बघायला गेलो होतो तेव्हा परतताना एसटीत बरोबरची मैत्रीण म्हणाली होती, ताई, आपणही असंच करू, बायकाच बायका. आता तिचे रील्स बघते मी. चांगले असतात. जाऊ दे.

काल जातं परत द्यायला वस्तीवर गेले. टेकडीच्या अलीकडे, जेमतेम आमच्या टप्प्यात. आजी गोठ्यात होत्या. सून दारातच भेटली, हात धरून बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, “त्यांना सांगू नका हां.”

“काय?”

“काय आलंच नाही ते. आम्ही सांगितलंय, छान झालं म्हणून.”

मला काय वाटलं ते नीट लिहिता येत नाही. आधी लाज. मग विचारलं, तुम्ही ऐकत होता? तर अकरा माणसं बसली होती. शेजारच्या वस्तीवरचीही आली होती, दोन रेडिओ आणि इअरफोन लावलेला एक मोबाइल. जावई वायर घेऊन पत्र्यावर चढले. पाऊण तास नुसती खरखर. “मग बंद नाही केलं?” म्हटलं. “बंद कशाला? आत्ता येईल, मग येईल. आवाज आल्यासारखा वाटायचा मधनंच.”

मी जरा चिडूनच म्हटलं, अहो मग फोन करायचा होता ना केंद्रावर!

“नंबर नव्हता.”

“रोज सांगतो आम्ही नंबर.”

“रेडिओवरच सांगताय की.”

इतकी हसले मी. सून घाबरली. गोठ्यातून आजी बाहेर आल्या, काय झालं म्हणून. डोळे पुसत जात्याकडे बोट दाखवलं, म्हटलं खुंटा सैल झालाय वाटतं. खरं तर तो आधीपासूनच सैल होता.

येताना बसमध्ये आठवलं. मार्चमध्ये वाचनालयाच्या व्याख्यानमालेला मी गेलेच नव्हते, डोकं दुखत होतं. दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल भेटले तर मी काय म्हणाले? आणि नुसतं ‘छान झालं’ नाही, ‘शेवटचा भाग विशेष’ असंही म्हणाले. तो शेवटचा भाग कुठून काढला मी, देव जाणे. अण्णांना शेवटची ओवी जिथून सापडली तिथूनच. त्या बिचाऱ्या माणसाने एक चहा फुकट पाजून वर काटाही आणला अंगावर. त्याच्याकडून आणखी काय हवंय मला?

तरी टोचायचं पूर्ण थांबलेलं नाही. आज दुपारीही एक बाई म्हणाल्या, तुमचं ऐकतो हं, आणि मी लगेच मनात: कुठलं? कधी? रेडिओ कुठल्या कंपनीचा? हे असंच चालणार बहुतेक काही दिवस.

आजींचं राहिलं. निघताना चहा दिला आणि विचारलं, “माझा आवाज कसा आला गं?” सून चुलीकडे बघायला लागली. म्हटलं, “छान आला.” खोटं नव्हतं ते, मी सोमवारी रात्री ऐकला होता, दोनदा. त्यावर म्हणाल्या, “तुम्ही सगळ्यांनी ऐकला. मी कुठं ऐकला? मी तर तिथंच व्हते की दळत.”

हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. सुनेच्याही नाही.

आज संध्याकाळी सेलची दोन पाकिटं आणली, एक घड्याळाचं, एक रेडिओचं. बापूनं कनेक्टरला रबरी टेप तीन पदरी गुंडाळली आणि पॉवर पूर्ण केली. जिथे नंबर असायला हवा तिथे तो लावायचा ठरलंय, म्हणजे एसटी स्टँडवर, गिरणीत, आणि आजींच्या वस्तीवरच्या देवळात. चौथा कागद अण्णांच्या टपरीवर, त्यासाठी रस्त्याच्या त्या बाजूने जावं लागेल मला.

येत्या रविवारचा तक्ता भरला. सहा वाजता: जात्यावरच्या ओव्या. पहिल्यांदाच जाणार आहे, पण तसं लिहिलं तर आजींना कळेल. म्हणून पुढे लिहिलं, ‘श्रोत्यांच्या आग्रहास्तव पुनःप्रसारण’.

बापूनं वाचलं. म्हणाला, “कुठल्या श्रोत्यांच्या?”

म्हटलं, अण्णांच्या.