रिच ब्लॅक, बारीक पांढरी अक्षरं आणि तीनदा परत आलेली फाइल

कव्हर पूर्ण काळं, खाली बारीक पांढऱ्या अक्षरात दोन ओळी, इनडिझाइनमध्ये (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) एवढंच काम होतं. नुसता ब्लॅक १००, म्हणजे फक्त काळी शाई १०० टक्के, मोठ्या जागेवर धुरकट दिसतो म्हणून बाकीच्या तीन शायाही मिसळून रिच ब्लॅक केला: सायन ६०, मॅजेंटा ४०, येलो ४०, ब्लॅक १००, शाईची बेरीज २४० टक्के, कोटेड (गुळगुळीत लेपाच्या) कागदाला आरामात चालते.

मशीनवरचं पहिलं शीट आलं तर अक्षरांच्या आत एका बाजूनं गुलाबी झाक, वेलांट्या बुजलेल्या. प्रत्येक शाईची प्लेट वेगळी, त्या छापताना केसभर सरकतातच, आणि अक्षराच्या कडेला चारही शाया भिडल्या की मॅजेंटा पांढऱ्यात शिरणारच. प्रीप्रेसवाल्यांचं (छपाईआधी फाइल तपासणाऱ्यांचं) म्हणणं एकच, 'ट्रॅपिंग करून पाठवा', म्हणजे प्लेट सरकली तरी दिसू नये म्हणून रंगांच्या कडा थोड्या सरकवून ठेवा. कुठे, किती, काही नाही.

मग मी पांढऱ्या अक्षरांच्या खाली त्याच मजकुराची कॉपी ठेवली आणि तिला १ पॉइंटचा फक्त ब्लॅकचा स्ट्रोक (कडेची रेघ) दिला, म्हणजे बाहेर अर्धा पॉइंट नुसता काळा राहील आणि बाकीचे तीन रंग मागे सरकतील. पाठवली फाइल. परत! 'तोच प्रॉब्लेम.' स्ट्रोक दीड पॉइंट केला, पुन्हा परत, आणि मी फोनवर जरा तडकलोच कारण स्क्रीनवर सगळं व्यवस्थित दिसत होतं. चार दिवस यात गेले. शेवटी प्रत्येक शाई वेगळी दाखवणारा सेपरेशन्स प्रिव्ह्यू उघडून ब्लॅकपुढचं डोळ्याचं चिन्ह बंद केलं आणि कपाळावर हात मारला, स्ट्रोकखाली तिन्ही रंग जसेच्या तसे! इनडिझाइनचा मूळचा ब्लॅक स्वॉच (यादीतला तयार रंग) १०० टक्क्याला आपोआप ओव्हरप्रिंट होतो, म्हणजे खालच्या रंगांवरच छापला जातो, खालचं काही कापतच नाही. स्वतःचा ब्लॅक १०० चा वेगळा स्वॉच बनवून तो स्ट्रोकला लावला की झालं. हे एक वाक्य त्यांना पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं का?

आतल्या पानांच्या काळ्या मजकुराला मात्र तोच ओव्हरप्रिंट हवा असतो, म्हणून प्रेफरन्सेसमध्ये जाऊन तो बंद करू नका. त्या मजकुराला रिच ब्लॅकही नको. आणि हो, फोटोशॉपमधला काळा बहुतेक वेळा ७५-६८-६७-९० (सायन, मॅजेंटा, येलो, ब्लॅक या क्रमानं) असा येतो, शेजारी तुमचा ६०-४०-४०-१०० असला तर छापल्यावर जोड दिसतो, आधीच आकडे जुळवा. रजिस्ट्रेशनचा स्वॉच (प्लेटा जुळवायच्या खुणांसाठीचा) काळा समजून वापरू नका, तो चारही शाया मिळून ४०० टक्के शाई ओततो.

चौथ्या फाइलचं शीट भिंगाखाली धरलं, वेलांटीची पोकळी स्वच्छ पांढरी.