फटीतून जाणारी कॉइल : पल्सच्या क्षेत्रफळावरून चुंबक मोजणे

उतारावरून सोडलेल्या गाडीवरची कॉइल दोन चुंबकांमधल्या फटीतून जाते, तेव्हा तिच्यात व्होल्टेजची पल्स उमटते. व्होल्टेज-वेळ आलेखात त्या पल्सखालचे क्षेत्रफळ मोजून फटीतले चुंबकीय क्षेत्र काढायचे. सध्याची मांडणी अशी: ४० × २० × १० मिमीचे दोन निओडिमियम ठोकळे, विरुद्ध ध्रुव समोरासमोर, मध्ये २० मिमी फट, मागे ४० × १० मिमी एमएस (साध्या पोलादाच्या) पट्टीचा सी-आकाराचा सांगाडा. कॉइल ६० × ३० मिमीची, ३६ गेज इनॅमल तारेचे १०० वेढे. तार १८ मीटर लागते, रोध साधारण १०.६ ओहम. कॉइल गाडीच्या बाजूला काढलेल्या अ‍ॅक्रिलिक पट्टीवर आडवी बसते. ३० मिमीची बाजू गतीला काटकोनात.

६० मिमी लांबी मुद्दाम आहे. गतीच्या दिशेने चुंबक फक्त २० मिमीचा, त्यामुळे कॉइलची पुढची बाजू फटीबाहेर पडल्यावर बऱ्याच वेळाने मागची आत शिरते. एक पल्स वर, एक खाली, मध्ये जवळजवळ शून्य. त्या मधल्या काळात गाडी धावतच असते, पण कॉइलमधला फ्लक्स, म्हणजे तिच्यातून जाणारा एकूण चुंबकीय प्रवाह, बदलत नाही, आणि तो बदलला तरच व्होल्टेज येते. कॉइल चुंबकाएवढीच घेतली तर दोन्ही पल्स चिकटतात आणि हा सगळ्यात बघण्यासारखा भाग हातचा जातो.

दोन शिखरांमधला वेळ म्हणजे ६० मिमी कापायला लागलेला वेळ, म्हणून वेगासाठी वेगळे फोटोगेट (प्रकाशकिरण अडला की वेळ नोंदवणारे साधन) नको. उतारानंतरचा रूळ मात्र सपाट हवा. १२० मिलिसेकंद म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. तेव्हा शिखर सुमारे ०.४५ व्होल्ट. वेग दुप्पट केला की शिखर ०.९, पल्सची रुंदी निम्मी, आणि क्षेत्रफळ तेच: १८ मिलिव्होल्ट-सेकंद. याला १०० × ०.०३ × ०.०२ ने (वेढे × कॉइलची रुंदी × गतीच्या दिशेने चुंबकाची लांबी, मीटरमध्ये) भागले की फटीतले क्षेत्र ०.३ टेस्ला. कडेबाहेर पसरलेले क्षेत्रही यात येते, तेवढी सूट ठेवावी. ४९ई हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र थेट मोजणारी चिप) ०.१ टेस्लाच्या आसपास सपाट होतो, म्हणजे त्याचे आउटपुट पुढे वाढत नाही; या फटीत तो निरुपयोगी.

पल्स नोंदवणाऱ्या आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डला कॉइल थेट जोडू नये. खालची (ऋण) पल्स कापली जाते, पिनलाही धोका. दोन १० किलोओहम रोधांनी २.५ व्होल्टचा मधला बिंदू करून त्यावर १० मायक्रोफॅरड कपॅसिटर द्यावा, कॉइलचे एक टोक तिथे, दुसरे बोर्डच्या ए० या मोजणीच्या पिनवर. सेकंदाला १००० नमुने पुरतात, पण ते आधी अ‍ॅरेत साठवून नंतर छापावेत. संगणकाकडे ९६०० बॉडच्या सिरियल वेगाने एक ओळ जायलाच सुमारे ५ मिलिसेकंद लागतात. बेसलाइनची, म्हणजे पल्स नसतानाच्या नोंदींची, सरासरी वजा करायला विसरू नका. आर्डुइनोच्या मोजणीतल्या एका पायरीची, म्हणजे ४.९ मिलिव्होल्टची चूक ४० मिलिसेकंदांत क्षेत्रफळ एका टक्क्याने हलवते.

कॉइलचा साचा अ‍ॅल्युमिनियमचा नको, भोवरी प्रवाहांनी (धातूच्या आतच गोल फिरणाऱ्या विद्युत प्रवाहांनी) गाडी फटीत ब्रेक लागल्यासारखी अडते. चाकांच्या स्टील बेअरिंगही चुंबकापासून लांब ठेवाव्यात.

पुढची चाचणी कॉइलच्या दोन टोकांमध्ये १० ओहमचा रोध लावून. व्होल्टेज तो रोध आणि कॉइलचे १०.६ ओहम यांत वाटले जाते, म्हणून क्षेत्रफळ १८ वरून ८.७ च्या जवळ यायला हवे. फार वेगळे आले तर आधी सोल्डरिंग तपासायचे, तारेचे इनॅमल नीट खरवडले गेले नसल्याची शक्यता जास्त.